विमान लेट झालं तर तुमच्या हातात काय असतं?

मागच्या हिवाळ्यात रात्री ८.३५ च्या मुंबईच्या विमानासाठी मी नागपूरला, सोनेगावच्या विमानतळावर बसलो होतो. (विमानतळाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ, पण ऑटोवाल्याला अजून ‘सोनेगाव’च सांगावं लागतं.) शेजारी हिंगणघाटचे एक काका होते. मुलीकडे निघालेले, मांडीवर संत्रा बर्फीचा डबा. फळ्यावर आधी ९.२० लागलं, मग १०.०५, मग ११. दर वेळी काका खिशातून पेन काढायचे आणि डब्याच्या झाकणावर दोन आकडे लिहायचे: नवी वेळ काय सांगितली, आणि ती कितीला सांगितली.

मी विचारलं, कशाला? म्हणाले, “आपन कापसाच्या गाडीचाबी टाइम लिहून ठेवतो जी. नाई तं जिनिंगवाला म्हनते, गाडी तं आत्ताच आली.”

काउंटरवरच्या मुलीकडे एकच उत्तर होतं: “ऑपरेशनल रीझन, सर.” विमान शेवटी १.५० ला उडालं. उशीर सव्वापाच तासांचा. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात देशभर जे झालं ते पाहून मला तो डबा आठवला. ५ डिसेंबरला एकट्या इंडिगोची हजारावर उड्डाणं रद्द झाली. इथे ८ तारखेला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन सुरू व्हायचं होतं. भाडी इतकी उसळली की सरकारला कमाल भाडं ठरवून द्यावं लागलं: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, त्यापुढे टप्प्याटप्प्याने १८,००० रुपयांपर्यंत. तेव्हापासून ओळखीतला प्रत्येक जण विचारतो, आपल्याला काही मिळतं का हो? मिळतं. पण केव्हा मिळतं आणि केव्हा नाही, हे कळायला आधी विमान लेट का होतं ते पाहावं लागतं.

## एक आचारी, तीन मांडव

लग्नसराईतला नागपूरचा आचारी आठवा. सकाळी महाल भागात हळदीचा नाश्ता, दुपारी मानेवाड्याला पंगत, रात्री वर्धा रोडच्या लॉनवर रिसेप्शन. महालात नवरदेवाची वरात तासभर नाचत बसली, की वर्धा रोडच्या पाहुण्यांना रात्री उशिरा जेवायला मिळतं. रिसेप्शनवाल्यांची चूक काय? काहीच नाही. भांडी आणि माणसं तीच आहेत, एवढंच.

देशांतर्गत मार्गावरचं विमान दिवसाला अशाच पाच-सहा पंगती उठवतं. पहाटे दिल्लीहून पुणे, पुण्याहून बंगळुरू, तिथून नागपूर, नागपूरहून मुंबई. दोन फेऱ्यांच्या मध्ये जेमतेम अर्धा-पाऊण तास असतो. त्यात माणसं उतरवायची, झाडलोट करायची, इंधन भरायचं, सामान चढवायचं. सकाळचा चाळीस मिनिटांचा उशीर दिवसभर भरून निघत नाही, उलट साचत जातो. म्हणून नागपुरात लख्ख चांदणं असतानाही आपलं रात्रीचं विमान लेट असतं.

आपल्या गावाला हा खेळ नवा नाही. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याची विमानं रात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि ती परत फिरायची. एक रखडलं की बाकीच्या तिघांचा खोळंबा.

## धुकं दिल्लीला, मग इथे का बसवून ठेवता?

हा प्रश्न जानेवारीत नागपूरच्या फलाटावर, म्हणजे गेटवर, हमखास ऐकू येतो. ‘निघा तर खरं, तिथे पोचेपर्यंत धुकं निवळेल.’

दिल्लीच्या धावपट्टीवर दाट धुक्यात उतरण्याची यंत्रणा आहे. तिला कॅट-३ म्हणतात. विमान आणि वैमानिक दोघंही त्यासाठी तयार असतील तर धावपट्टीवर ५० मीटर दिसत असतानाही उतरता येतं. उडायला मात्र साधारण १२५ मीटर दिसावं लागतं, कारण उतरताना यंत्र विमान चालवतं आणि उडताना वैमानिकाचे डोळे. परिणाम असा की दिल्लीत विमानं उतरत राहतात, उडत नाहीत, आणि उभं करायला जागा संपते. शिवाय धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवतात, त्यामुळे तासाला उतरणाऱ्यांची संख्या घटते.

अशा वेळी हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष नागपूरला सांगतो, तुमच्या विमानाला अमुक वाजता निघायची परवानगी, त्याआधी नाही. त्या ठरवून दिलेल्या वेळेला स्लॉट म्हणतात. दिल्लीवर घिरट्या घालत इंधन जाळण्यापेक्षा विमान जमिनीवर उभं असलेलं बरं. मला हा उशीर पटतो. त्यावर कुणाशी भांडायचं असेल तर हवामानाशी भांडावं.

उलटही होतं. देशाच्या मधोमध असल्यामुळे भलत्याच कुणाचं विमान नागपूरला येऊन टेकतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये ढाक्याहून दुबईला निघालेलं बिमान या बांगलादेशी कंपनीचं विमान तांत्रिक बिघाडामुळे मध्यरात्रीच्या सुमारास इथे उतरलं. जवळपास ४०० माणसं, ज्यांच्या प्रवासाच्या नकाशात नागपूर नव्हतंच.

## वैमानिकाचं घड्याळ

डिसेंबरच्या गोंधळाचं मूळ धुक्यात नव्हतं. वैमानिकाने किती तास उडायचं, किती विश्रांती घ्यायची, रात्री किती वेळा उतरायचं याचे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ठरवतं. नव्या नियमांनी आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक मर्यादा आणली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. तारीख सगळ्यांना आधीपासून माहीत होती. इंडिगोचं वैमानिकांचं गणित मात्र त्या तारखेला जुळलेलं नव्हतं.

एक गोष्ट नागपूरकरांनी तरी विसरू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर-पुणे विमान घेऊन निघालेले एक वैमानिक आपल्याच विमानतळाच्या बोर्डिंग गेटजवळ कोसळले आणि वारले. त्यांना आधी पुरेशी विश्रांती मिळाली होती, असं कंपनीने सांगितलं होतं आणि थकव्यामुळेच हे झालं असं म्हणायला आधार नाही. पण वैमानिकांच्या थकव्याची चर्चा त्यानंतर देशभर वाढली. त्यामुळे ‘पायलटचे तास संपले’ हे ऐकल्यावर चिडून त्याच्यावरच ओरडणारा माणूस दिसला की मला विचित्र वाटतं. तास संपलेल्या माणसाने आपल्याला मुंबईला नेऊ नये, हेच बरं. चीड यायचीच असेल तर दुसरा वैमानिक तयार का ठेवला नाही, याची यावी.

## नियमाचं घड्याळ कुठून सुरू होतं

प्रवाशांच्या सोयीचे डीजीसीएचे नियम २०१० पासून आहेत आणि वेळोवेळी सुधारले गेलेत. त्यात एक शब्द समजून घ्यावा लागतो: ब्लॉक टाइम. विमान जागेवरून हललं, तिथपासून ते दुसऱ्या गावी जागेवर थांबेपर्यंतचा वेळ. नागपूर ते मुंबई, पुणे, दिल्ली हे सगळं अडीच तासांच्या आत बसतं.

अडीच तासांपर्यंतच्या अशा प्रवासाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर कंपनीने खाण्यापिण्याची सोय करायची. अडीच ते पाच तासांच्या प्रवासाला हीच मर्यादा तीन तास, त्याहून लांबच्याला चार. अट एकच: तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं हवं.

इथेच काकांचा डबा उपयोगी पडतो. उशीर मोजायचा तो मूळ वेळेपासून, शेवटच्या घोषणेपासून नाही. ८.३५ चं ९.२० झालं, मग १०.०५, मग ११, तर हे तीन छोटे उशीर नव्हेत. हा २ तास २५ मिनिटांचा एकच उशीर आहे. ११ ची घोषणा झाली त्याच क्षणी खाण्याचा हक्क लागू झाला, ११ वाजायची वाट पाहायची नाही. आम्हाला त्या रात्री कूपन मिळालं ते पावणेबाराला, आणि ते ज्या स्टॉलवर चालणार होतं तो तोवर शटर ओढून मोकळा झाला होता. काकांनी शेवटी डबा उघडला. चार अनोळखी माणसांचं जेवण त्या रात्री संत्रा बर्फीवर झालं.

उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, असा पर्याय द्यावा लागतो. निवड तुमची. आणि हॉटेल? उशीर २४ तासांच्या वर असेल तर. किंवा मूळ वेळ रात्री ८ ते पहाटे ३ च्या दरम्यानची असेल आणि उशीर सहा तासांहून जास्त असेल तर. हॉटेलपर्यंतची ने-आणही त्यातच आली.

आता आमचे सव्वापाच तास आठवा. विमान २.३५ नंतर सुटणार असतं तर हॉटेल द्यावं लागलं असतं. ते १.५० ला सुटलं. यात कुणी मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही. पण सहाच्या आकड्याला किंमत असते, एवढं तेव्हा कळलं.

## ‘लेट’ आणि ‘रद्द’ यांत पैशांचा फरक

बहुतेकांचा गैरसमज इथे होतो. आपल्या नियमात नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई नाही. रोख भरपाई आहे ती उड्डाण रद्द झाल्यावर, आणि तिकीट असून जागा नाही म्हणून चढू दिलं नाही तर.

रद्द करायचं असेल तर कंपनीने दोन आठवडे आधी कळवून दुसरं विमान किंवा पैसे द्यायचे. त्याहून उशिरा, पण २४ तास आधीपर्यंत कळवलं, तर मूळ वेळेच्या दोन तासांच्या आत निघणारं विमान द्यायचं किंवा पैसे परत करायचे. हे न पाळता ऐन वेळी रद्द केलं, तर पैसे परत किंवा दुसरं विमान मिळतंच, वर भरपाई. ब्लॉक टाइम एक तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तास असेल तर ७,५००, त्याहून जास्त असेल तर १०,०००. किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार. यातलं जे कमी असेल ते.

‘जे कमी असेल ते’ हे चार शब्द बातम्यांत गळून पडतात. समजा, मुंबईच्या तिकिटात मूळ भाडं ३,२०० आणि इंधन अधिभार ४०० आहे. तर भरपाई ३,६००, साडेसात हजार नव्हे.

जागेपेक्षा जास्त तिकिटं विकून कुणाला मागे ठेवलं, तर हिशोब वेगळा. तासाभरात निघणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. २४ तासांच्या आतलं दिलं तर मूळ भाडं आणि इंधन अधिभाराच्या दुप्पट, कमाल १०,०००. त्याहून उशिराचं दिलं तर चौपट, कमाल २०,०००.

युरोपातून सुटणारं विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं आणि दोष कंपनीचा असेल, तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो मिळतात, उशिरासाठीसुद्धा. आपल्याकडे ते नसल्याने कंपनीला ‘रद्द’ म्हणण्यापेक्षा ‘लेट, लेट, लेट’ म्हणणं स्वस्त पडतं. उशिरालाही दर लावला तर कंपन्या घाईत धोका पत्करतील, असा एक आक्षेप येतो. मला तो फारसा पटत नाही. दर लागला की आधी जादा वैमानिक आणि एखादं राखीव विमान ठेवणं परवडायला लागतं.

## ‘हवामान खराब होतं’ म्हटलं की विषय संपला?

अर्धा संपतो. पूर, दंगल, संप, सरकारी आदेश, सुरक्षेचा धोका, हवामान, हवाई नियंत्रणाचे निर्णय, अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई लागू होत नाही. हे रास्त आहे. म्हणूनच ‘ऑपरेशनल रीझन’ हे उत्तर घेऊन गप्प बसायचं नसतं. धुकं हे एक कारण, वैमानिक कमी पडले हे दुसरं, आणि ‘ऑपरेशनल’ या पिशवीत दोन्ही मावतात.

पण भरपाई माफ झाली म्हणून माणसाला उपाशी ठेवायची मुभा मिळत नाही. १४ डिसेंबर २००७ ला दिल्लीत धुक्यामुळे हैदराबादचं विमान तब्बल ११ तास रखडलं होतं आणि एक प्रवासी विमानातच बसून राहिले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०११ मध्ये न्यायालयाने प्रवाशाला मिळालेली भरपाई रद्द केली, कारण उशीर कंपनीच्या हातातला नव्हता आणि तिने खाण्याची सोय केली होती. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही सांगितलं की अडकलेल्या प्रवाशांना किमान सोयी देणं हे कंपनीचं कर्तव्यच आहे, मग ती स्वस्त तिकिटांची कंपनी असली तरी. ‘दोन हजारांच्या तिकिटात अजून काय हवं?’ असं विचारणाऱ्या सहप्रवाशाला हे सांगता येईल. आमच्या रांगेतही असा एक होताच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये डीजीसीएने हे आणखी सोपं करून सांगितलं: दोन तासांपर्यंतच्या उशिराला पिण्याचं पाणी, दोन ते चार तासांना चहा-कॉफी आणि नाश्ता, चारच्या वर जेवण.

## दार बंद झालं, विमान मात्र हलेना

यात जीव सगळ्यात जास्त गुदमरतो. चढलात, पट्टा लावला, दार बंद झालं, आणि दोन तास तिथेच. उतरू का देत नाहीत? कारण उतरवलं की तपासणी पुन्हा, सामान पुन्हा, आणि हातातला स्लॉट गेला. शिवाय वैमानिकाचे कामाचे तास दार बंद असतानाही चालूच असतात.

अमेरिकेत देशांतर्गत विमानाला प्रवाशांना असं तीन तासांहून जास्त अडकवून ठेवता येत नाही, आणि दोन तासांच्या आत खाणंपाणी द्यावं लागतं. आपल्याकडे जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवताना देशाने पाहिले. इंडिगोला १ कोटी २० लाखांचा दंड झाला, विमानतळ चालवणाऱ्या कंपनीलाही झाला. त्याच महिन्यात डीजीसीएने कंपन्यांना सांगितलं की उशिराची खरी माहिती वेळोवेळी द्या, आणि धुक्यामुळे तीन तासांहून जास्त उशीर होणार असेल तर उड्डाण आधीच रद्द करता येईल. मार्चअखेरीस हवाई सुरक्षा विभागाने नियम सैल केला. लांबलेल्या विमानातून प्रवाशांना निर्गमन दारानेच परत आत आणता येतं, सगळं आगमनातून फिरवून आणायची गरज उरली नाही. तेव्हा केबिन क्रूला नम्रपणे विचारता येतं: उतरवता येईल का, आणि पाणी केव्हा मिळेल.

## मग करायचं काय

तिकीट काढताना स्वतःचा मोबाइल नंबर द्या. सीताबर्डीच्या एजंटने त्याचा नंबर टाकला असेल तर विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याला जातो, आणि कंपनी म्हणते की आम्ही कळवलं होतं. संपर्काचा पुरेसा तपशील दिला नसेल तर भरपाई मिळत नाही.

गेटवर असताना फळ्याचे फोटो काढा. त्यात वेळ आपोआप नोंदली जाते. कारण लेखी मागा, निदान कंपनीच्या चॅटवर तरी. आलेला प्रत्येक मेसेज ठेवा. स्वतःच्या पैशाने खाल्लंत तर बिल फेकू नका. पैसे परत करायची वेळ आली आणि कंपनीने ‘वॉलेटमध्ये जमा करतो’ म्हटलं, तर नको म्हणता येतं. ती सोय घ्यायची की नाही हे तुम्ही ठरवायचं, आणि कार्डाने भरलेले पैसे सात दिवसांत परत यायला हवेत. दोन वेगवेगळी तिकिटं काढून मुंबईहून पुढचं विमान पकडणार असाल, तर पहिलं लेट झाल्याने दुसरं हुकल्याची जबाबदारी सहसा कुणी घेत नाही. मध्ये भरपूर वेळ ठेवा.

तक्रार आधी कंपनीकडे, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर. तिथेही भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, आणि वकील लावणं सक्तीचं नाही.

पहाटे मुंबईत पट्ट्यावर बॅगांची वाट पाहताना मी काकांना हे सगळं सांगत होतो. डबा रिकामा झाला होता, तरी त्यांनी झाकण जपून पिशवीत ठेवलं होतं. त्यावर शेवटची नोंद होती: १.५०. जरा वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, “कंपनीचं हापिस तं तिकडे दूर. मंग केस कराले मले तिकडे जा लागन का?”

“नाही काका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार राहतो तिथे तक्रार करता येते. तुमच्यासाठी वर्धा.”

“वर्धा?” काकांनी झाकण पुन्हा बाहेर काढून नीट पाहिलं. “वर्धेले तं मी दर मंगळवारी जातोच.”